दोन धारांच्या मधे

३ नोव्हेंबर २०२४, रविवार
भाऊबीज. दादा-वहिनी वाटेगावहून आले. ओवाळलं. वहिनीनं पिशवीतून कागद काढला. प्रयागराज, काशी, अयोध्या. अकरा दिवस. ८ फेब्रुवारीला बस. माणशी साडेचौदा हजार, जेवणखाण धरून. "तुझं नाव घातलंय," म्हणाली. विचारलं नाहीच.
ह्यांनी मान हलवली. हो की नाही, कळलं नाही.

४ नोव्हेंबर
डेअरीचं बिल दहा दिवसांनी. पेंडीचे वजा जाऊन उरतील ते माझे, असं पहिल्यापासून ठरलंय. डबा उघडला. ७,३००. त्यातले दोन हजार आगाऊ वहिनीला पाठवले.

९ नोव्हेंबर
मी कुठं कुठं गेले त्याची यादी केली. पंढरपूर दोनदा. जोतिबा. तुळजापूर. पुण्याला लेकीकडं तीनदा, त्यात एकदा टाकारीहून रेल्वेनं. मुक्काम सगळीकडं एकच रात्र. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या धारेला घरात.
वय ४९.

११ नोव्हेंबर
लांब जायचं हे वेड माहेरच्या गावानंच लावलं. आण्णा शेतातून येताना रस्त्याकडं हात करून सांगायचे, अण्णाभाऊ साठे ह्या वाटेनं मुंबईला गेले, बापाबरोबर, चालत. पोरवयात. आणि पुढं १९६१ ला रशियाला. रशिया म्हणजे किती लांब, असं विचारलं की आण्णा म्हणायचे, मुंबईच्या पुढं. 'माझा रशियाचा प्रवास' मी आठवीत वाचलं. तेव्हा वाटलं होतं, आपल्या गावात जन्मलं की माणूस लांब जातोच.
मी एसटीनं आले. वाटेगाव ते इस्लामपूर. तासाभरात.

१५ नोव्हेंबर
कारखाने सुरू. संध्याकाळी वारं फिरलं की मळीचा वास घरात. पाहुण्यांना नाक धरावं लागतं, आम्हाला दिवाळी सरल्यासारखं वाटतं.

२० नोव्हेंबर
मतदान. सासूबाईंना, आत्तींना, ह्यांनी गाडीवरून नेलं. वय ८२. दिवसभर शाईचं बोट येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवलं.

२३ नोव्हेंबर
निकाल. सगळे टीव्हीपुढं. आत्ती मोरीत पडल्या. आवाज मोठा नाही झाला. मोटारीचं बटण कुणी दाबलं असं वाटलं मला.
खुबा.

२४ नोव्हेंबर
मिरज.

२७ नोव्हेंबर
ऑपरेशन झालं. रॉड घातला. मी वॉर्डात खुर्चीवर. हे घरी. म्हशी दोन्ही ह्यांच्या हाताला नाहीत. पहिल्या दिवशी बादली लाथाडली, दुसऱ्या दिवशी पान्हाच सोडला नाही. शेवटी माझी साडी खांद्यावर टाकून बसले. मग एकीनं दिलं तीन लिटर. हे फोनवर सांगताना त्यांना हसू येईना, मला आवरेना. शेजारच्या खाटेवरच्या बाईला वाटलं, चांगली बातमी आली.

२ डिसेंबर
घरी. सहा आठवडे खाटेवरच. नंतर वॉकर. मधल्या खोलीत खाट लावली. तिथून अंगण दिसतं, फाटक दिसतं, कोण आलं गेलं कळतं.
डोंबिवलीच्या जाऊबाईंनी फोनवरून पुष्कळ काळजी घेतली.

५ डिसेंबर
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घट मांडला. कहाणी वाचताना आत्ती खाटेवरून म्हणाल्या, मोठ्यानं वाच, मला पाठ हाय तरी.

७ डिसेंबर
वहिनीला फोन. येत नाही म्हणून सांगितलं. ती म्हणाली, २० जानेवारीपर्यंत जागा धरते. मी म्हटलं, धरू नकोस. धर असंही म्हटलं.

८ डिसेंबर
आत्तींचा राग आला. भांडं लावायला उशीर झाला म्हणून पोरासारख्या रडल्या. मला त्यांचा राग, आणि मोरीचा, आणि त्या दिवशी कुणाचं सरकार येतंय बघत बसलेल्या माझा. कुणाला सांगू नये म्हणून इथं लिहिलं.

१० डिसेंबर
शेजारच्या फडाला तोड आली. बीडची टोळी. ओढ्याच्या कडेला खोपी घातल्या. आम्ही खोप म्हणतो, ते कोपी म्हणतात. बारा कोयते. म्हणजे बारा जोडपी. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल आधीच खाल्लेली असते, मग फिटेपर्यंत तोडायचं.
वाढं मिळेल. म्हशींची सोय झाली.

१३ डिसेंबर
टोळीतली एक बाई मोबाईल चार्ज करायला येते. पस्तिशीची असेल. आत्तींच्या खोलीतल्या प्लगला लावते, उंबऱ्याशी बसते. पोरगं सातवीत, आजीपाशी ठेवलंय. धाकटी बरोबर आहे, पाचटावर झोपते. आत्तींनी तिची सगळी चौकशी केली. माझ्याशी आठवड्यात जेवढं बोलल्या नव्हत्या तेवढं तिच्याशी.

१४ डिसेंबर
दत्तजयंती. औदुंबरला जायचं दरवर्षी ठरतं.

१६ डिसेंबर
आत्तींना दुपार जात नाही. टीव्हीला कंटाळल्या. वाचनालयातून 'माझा प्रवास' आणलं, गोडसे भटजींचं. लेकीला अभ्यासाला होतं तेव्हा मी चाळलं होतं. वरसईचे भिक्षुक. घरात कर्ज. ग्वाल्हेरची बायजाबाई मथुरेला यज्ञ करणार, दक्षिणा भरपूर, असं ऐकलं आणि काकांना घेऊन निघाले. साल १८५७. नेमकं तेच.
मी वाचते, त्या ऐकतात. पहिल्याच दुपारी अडवलं.
"आईबाप घरात?"
"हो."
"आन् बायकू?"
"हो."
"आन् ह्यो निघाला."
"पैसे मिळवायला."
"मग ठीक हाय. वाच."

१९ डिसेंबर
भटजी महूला पोचले. रस्त्यात शिपाई भेटले, बंड होणार म्हणाले. आत्ती: मागं फिर म्हणावं. मी: फिरत नाहीत. आत्ती: फिरला असता तर पुस्तक कशाला झालं असतं.

२२ डिसेंबर
रात्रीची लाईट. हे अकराला पाणी पाजायला गेले, बॅटरी आणि काठी घेऊन. परवा पलीकडच्या शिवारात उसात बिबट्या दिसला. चंद्रभान म्हणून नुसतं पडून राहिले. अडीचला फाटक वाजलं. मग झोप.
लांबच्या प्रवासाला गेलेल्याची वाट बघणं ह्याहून वेगळं नसावं.

२४ डिसेंबर
वरच्या ओळीत चंद्रभान लिहिलंय. जागरण लिहायचं होतं. झोपेत लिहिलं. तसंच ठेवते.

२९ डिसेंबर
टोळीतल्या बाईला विचारलं, किती जिल्हे बघितले? बोटं मोजली. सोलापूर, पुणे, सांगली, कोल्हापूर, एकदा कर्नाटकात बेळगावकडं. मी म्हटलं, माझ्यापेक्षा जास्त फिरलीस की.
"काय फिरले ताई. फड बघितले. फड सगळीकडं सारखाच."
मग थोड्या वेळानं, "अंबाबाई लांब हाय का हितनं?"
कोल्हापूर इथून तास-दीड तास. या भागात तिचा आठवा हंगाम.

१ जानेवारी २०२५
पतसंस्थेची नवी डायरी आली. जुनीतच लिहिते, पानं आहेत.

६ जानेवारी
झाशीचा वेढा. तीन दुपारी पुरला. गोळे पडतात, पाणी नाही, भटजी आणि काका घरात लपलेत. गोरे शिपाई येतात, असेल ते घेऊन जातात. आत्तींनी डोळे मिटले होते, मला वाटलं झोपल्या. पान उलटताना थांबले तर म्हणाल्या, "घरी कळलं असंल का रं त्याच्या?" रं म्हणाल्या. मला नाही, भटजींना विचारलं.
कसं कळणार. फोन नाही, टपालाचा भरवसा नाही. वरसईला आई रोज काय करत असेल, ते पुस्तकात कुठून येणार.
आत्तींनी विचारलं, बायकोबद्दल काय लिहिलंय? वाचलं तिथवर तरी ती फारशी नाही.
"मग तिचं पुस्तक कुठाय?"

१३ जानेवारी
भोगी. मिसळीची भाजी, तीळ लावून बाजरीची भाकरी, लोण्याचा गोळा. टीव्हीवर प्रयागराज. आज कुंभ सुरू. पहाटेच्या धुक्यात माणसंच माणसं. मी भाकरी थापत बघत होते, एक करपली. बारा भाकरी टोळीवर पाठवल्या. त्यातली करपलेली नव्हती.

१४ जानेवारी
संक्रांत. वाण. आत्तींनी पडल्यापडल्या सगळ्या बायकांकडून तिळगूळ घेतला. दात नाहीत. उशीखाली साठवलाय.

१७ जानेवारी
वॉकर आणला. उभं केलं. एक पाऊल. घाम फुटला दोघींना.

१९ जानेवारी
जेवताना हे म्हणाले, "जा तू. अकरा दिवसांचं काय एवढं. आईचं बघायला आक्काला बोलवतो. धारेचं मी बघतो."
"साडी नेसून?"
हसले नाहीत. खरंच म्हणत होते. सत्तावीस वर्षांत तोंडानं असं पहिल्यांदा.
रात्रभर हिशेब केला. आक्कांचे गुडघे गेलेत, त्या आत्तींना उठवणार कशा. आपल्या उसाची तोड फेब्रुवारीतच. थोरली म्हैस फेब्रुवारीअखेर व्यायची. एकेक अडचण खरी होती. तरी मीच त्या शोधत होते असंही वाटलं.

२० जानेवारी
वहिनीला कळवलं. जागा दुसऱ्या बाईला दे.
संध्याकाळी बिनसलेलंच. भाजीत मीठ दोनदा. कुणी बोललं नाही. सगळ्यांनी खाल्ली.

२१ जानेवारी
लेकीचा फोन. "आई, तू कायम असंच करतेस." ठेवून दिला. मग मेसेजवर रडका चेहरा. मी अंगठा पाठवला. दुसरं सापडेना.

२९ जानेवारी
मौनी अमावास्या. पहाटे संगमावर चेंगराचेंगरी. दिवसभर टीव्ही. तीस माणसं गेल्याचं संध्याकाळी सांगितलं.
आत्ती म्हणाल्या, "बरं झालं म्या पडले."
आपली बस ८ तारखेची. त्याचा याच्याशी संबंध नाही. मी त्या बसमध्ये असते तरी आज इथंच असते. असं सगळं मनात आलं. बोलले नाही. टीव्ही बंद करून त्यांचे पाय चेपत बसले. पाय केवढे बारीक झालेत.

५ फेब्रुवारी
पुस्तक संपलं. लुटले गेले, उपाशी राहिले, मिळवलेलं बहुतेक गेलं. दक्षिणा आणायला गेलेला माणूस गंगेच्या पाण्याची कावड खांद्यावर घेऊन परत आला. आईबापांना त्या पाण्यानं आंघोळ घातली. छापून आलं १९०७ ला. तोवर ते नव्हते.
आत्ती बराच वेळ गप्प. मग,
"एवढ्या लांबनं? सांडली न्हाई?"
आणखी थोड्या वेळानं, "आई जिती होती न्हवं, येईस्तवर? मग झालं."

८ फेब्रुवारी
रात्री बस आमच्या स्टँडवर आली, इथल्या बायका घ्यायला. धार काढून, आत्तींना भरवून गेले. वहिनीला शिदोरी दिली. धपाटे, शेंगदाण्याची चटणी, रव्याचे लाडू. खिडकीतून तिनं हात धरला. काय बोलायचं दोघींना सुचेना. "घोंगडी घेतलीस का," एवढंच.
बस पेठनाक्याकडं वळली. मी उभी राहिले थोडी. स्टँडवरच्या बाईनं विचारलं, कुठं जायचंय?
घरी, म्हटलं.

१० फेब्रुवारी
बस जबलपूरच्या पुढं अडकली. गाड्यांची रांग संपत नाही. वहिनीनं सकाळी फोटो पाठवला, रस्त्याकडेला बसलेल्या बायका, मधे माझा डबा. लाडू संपले, लिहिलंय.
इकडं आपल्या उसाला तोड आली. कारखान्याचा चिटबॉय काल सांगून गेला होता. सगळी तीच टोळी.

१२ फेब्रुवारी
फडात चहा घेऊन गेले. ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते. फळी वाकते. मी बघताना श्वास धरला. तिचं लक्ष नव्हतं. खाली पाचटात पोरगी मोबाईलवर कार्टून बघत होती. माझ्या घरात चार्ज झालेला मोबाईल.
ट्रॅक्टरवाल्याला एन्ट्री द्यावी लागली. पाचशे. ह्यांनी तोंड वाकडं केलं. तिला आणि पोरीला घरी जेवायला बोलावलं त्यावर काही बोलले नाहीत.

१५ फेब्रुवारी
शेत मोकळं झालं. अंगणातून आता लांबपर्यंत दिसतं. टेकडी, तिच्यामागं हायवेचे दिवे. दरवर्षी उसात हे सगळं बुजलेलं असतं. आत्तींनी खाट फिरवून घेतली.

१९ फेब्रुवारी
शिवजयंती. झेंडे, गाड्या. त्यातूनच बस आली, दिवसभर उशिरानं. वहिनीचा घसा बसलेला, पाय सुजलेले, तोंड मात्र उजळलेलं. सांगायला लागली. मी ऐकलं. पोटात थोडं दुखलं, पण ऐकलं. एक बाटली दिली, प्लॅस्टिकची, निळ्या झाकणाची.

२० फेब्रुवारी
आत्तींच्या आंघोळीच्या बादलीत अर्धी बाटली ओतली. स्टुलावर बसवलं. सांगितलं, गंगेचं आहे.
"कावडीचं का बाटलीचं?"
"बाटलीचं."
"घाल."
पहिला तांब्या डोक्यावर घेताना डोळे मिटून हात जोडले. पाठ चोळताना माझ्या लक्षात आलं, त्यांच्या पाठीवर डाव्या अंगाला तीळ आहे, तसाच ह्यांना आहे, लेकीलाही.
उरलेली अर्धी देवापुढं.

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
आज ट्रॅक्टर आले नाहीत. सकाळची धार काढली, आत्तींचं आवरलं, आक्का दुपारपुरत्या येऊन बसल्या. टोळीतल्या बाईला म्हटलं, चल. पोरीलाही घे. कोल्हापूर जमणार नव्हतं. वडाप धरलं, बहे.
कृष्णा तिथं दोन अंगांनी वाहते, मधे रामलिंग बेट. रामानं वाळूचं लिंग करून पूजा मांडली, नदीला पूर आला, मारुतीनं दोन्ही बाहू पसरून पाणी दुभंगलं, म्हणून बहे. रामदासांच्या अकरा मारुतींतला इथला मारुती. हे मी तिला सांगत होते. ती ऐकत नव्हती. गर्दीतून वाट काढून काठाला गेली, चप्पल हातात घेतली, घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली.
"हीच का किस्ना?"
"हीच."
"पुलावरनं लई खेपा गेले. ट्रॉलीवर. रातची."
पोरगी पाणी उडवत होती. तिनं सातवीतल्या पोराला व्हिडिओ कॉल लावला. आधी नदी दाखवली, मग देऊळ, मग मला. पोरगं म्हणालं, तू कधी येणार. ती म्हणाली, होळीच्या आत. मग त्याची आजी आली फोनवर. दोघी काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या एकमेकींकडं, रेंज जाईपर्यंत.
उसाचा रस घेतला तिघींनी. ती म्हणाली, "एवढा ऊस तोडला, रस पैल्यांदा विकत घेतला." पैसे मला देऊ दिले नाहीत.
साडेचारला परत. धार वेळेवर.

२८ फेब्रुवारी
थोरली म्हैस रात्री व्याली. रेडी. चिकाचा खरवस झाला नीट.

४ मार्च
टोळी गेली. यंदा हंगाम लवकर आटोपला. पहाटे ट्रकमध्ये सामान, भांडी, दोन शेळ्या, सायकल. ती निरोपाला आली तेव्हा मी आत्तींना उठवत होते. हात मोकळे नव्हते. आत्तींनी उशीखालून तिळगुळाची पुडी काढून पोरीला दिली. संक्रांतीची. खोपींच्या जागी जळलेल्या चुलींचे बारा डाग.
वाढं संपलं. उद्यापासून कडवळ बघायला हवं.

५ मार्च
डबा मोजला. ९,६००. वहिनी म्हणते, नाशिकचा कुंभ २०२७ ला. आत्तींनी ऐकलं. "नाशिक जवळ हाय. मलाबी घाल नाव."

७ मार्च
आत्ती आज वॉकर घेऊन खोलीतून फाटकापर्यंत. मी मागं, हात न लावता. जाताना ४१ पावलं. फाटकाला धरून उभ्या राहिल्या, रस्ता बघितला, दोन माणसांना हाक मारली. येताना ४६.